चाळिशीनंतरचा आखाडा

आम्ही ज्या भागात राहतो त्यास भंवरकुआं म्हणतात. इंदूर शहराच्या दक्षिणेस आग्रा-मुंबई मार्गावर हा चौक आहे आणि खंडव्याचा रस्ता येथूनच फुटतो. १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय येथून जवळच आहे. अहिल्यादेवींच्या नावाच्या विद्यापीठाचा तक्षशिला परिसरही खंडव्याच्या रस्त्यावरच आहे. चौकास २०२१ साली टंट्या भिल्ल यांचे नाव देण्यात आले. परंतु रिक्षात बसणारा मनुष्य अद्याप 'भंवरकुआं' एवढेच सांगतो. माळव्यातून आणि निमाडातून आलेले हजारो तरुण-तरुणी येथे लहान लहान खोल्यांतून राहून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत असतात. त्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे 'वयोमर्यादा'. अमुक नोकरीची वयोमर्यादा इतकी, तमुक परीक्षेची इतकी, आणि ती उलटली की सर्व संपले! दिवसरात्र हा शब्द कानांवर पडत असल्यामुळे असेल कदाचित, परंतु शिकण्याचेही एक वय असते आणि आपले ते कधीच सरले, असे आम्ही धरून चाललो होतो. चुकून म्हणा किंवा नाइलाजाने म्हणा, हा समज कसा मोडला, ते विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना सांगावयाचे आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, रिमझिम पाऊस चालू असता, याच चौकात आमची स्कूटर घसरली. वेग अगदी थोडा होता. घसरताच आम्ही उजवा हात पुढे करून जमिनीवर टेकला, आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घालताना डॉक्टर सहज म्हणाले, "गुरुजी, अपघात किरकोळ होता. तुम्ही पडलात मात्र चुकीचे." पडण्यातही बरोबर आणि चूक असते, ही गोष्ट बेचाळिसाव्या वर्षी आम्हांस प्रथमच कळली. तोल जाताच हात पुढे करणे ही माणसाची उपजत प्रवृत्ती आहे. परंतु त्यामुळे साऱ्या देहाचा भार एका तळहातावर आणि तेथून मनगटावर येतो. पुढे खांदाही त्याच कारणाने दुखावतो. उतारवयात हाडे ठिसूळ होऊ लागली म्हणजे असे एखादे पडणेही माणसास अंथरुणास खिळवून ठेवते. आमच्या मातोश्रींचे तसेच झाले होते. त्यामुळे डॉक्टरांचे ते वाक्य मनातून जाईना.

हाड सांधल्यावर आम्ही घरात जाहीर केले की, आता तालमीत जावयाचे. आमच्या सौभाग्यवती प्रथम हसल्या, मग म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षे मुलांना शिकवलंत, आता मुलांकडून पडायला शिकणार का?" त्यांचे हे बोलणे पुढे अक्षरशः खरे ठरले.

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुनी तालीम आहे. अर्ध्या भागात लाल मातीचा आखाडा आणि अर्ध्या भागात अलीकडे घातलेल्या गाद्या, अशी तिची रचना आहे. महाराष्ट्रात ज्यांना वस्ताद म्हणतात त्यांना इकडे उस्ताद किंवा गुरू म्हणतात. उस्तादांनी आमचे वय विचारले, रक्तदाब विचारला, मोडलेले मनगट दोन्ही हातांनी चाचपून पाहिले आणि कोपऱ्यातील फावड्याकडे बोट दाखविले. "माटसाब, एक महीना खुदाई." (इंदुरात मास्तरांस माटसाब म्हणतात. त्या हाकेत आदर किती आणि थट्टा किती, ते म्हणणाऱ्याच्या मुद्रेवरून ओळखावे लागते.)

आखाडा खणणे ही नवख्याची परीक्षा आहे, असा आमचा समज होता. तो अर्धाच खरा निघाला. आखाड्यातील माती रोजच्या तुडवणीने दबून टणक होते; टणक मातीवर पाठ आपटली तर ती दगडावर आपटल्यासारखीच. म्हणून कुस्त्यांपूर्वी ती खोलवर खणावी लागते, ढेकळे फोडावी लागतात, मग सपाट करून वर पाणी शिंपडावे लागते. मातीत तेल, हळद, ताक, लिंबू आणि काव घालण्याची चाल आहे. तेलाताकाने ती मऊ व किंचित ओलसर राहते, धूळ उडत नाही. या मातीने सर्व त्वचारोग बरे होतात असे पुष्कळ पैलवान सांगतात. आम्हांस ते पटत नाही. खरचटलेल्या अंगाने मातीत उतरू नये, धनुर्वाताचे इंजेक्शन वेळच्या वेळी घ्यावे, आणि बाहेर आल्यावर साबण लावून स्नान करावे, हेच बरे. असो. खणताना जे घडते ते असे की, कंबर न वाकवता गुडघ्यांत वाकावे लागते, मूठ घट्ट होते, आणि श्वास फावड्याच्या लयीवर येतो. कुस्तीत लागणारी बहुतेक हालचाल या एका कामात आहे, आणि समोर हरविणारा कोणी नसल्यामुळे लाजही वाटत नाही. पहिल्या दिवशी आम्ही जेमतेम दहा मिनिटे खणले आणि घरी जाऊन जेवताना घास तोंडापर्यंत नेणाऱ्या हाताकडे आश्चर्याने पाहत राहिलो. तो थरथरत होता.

खणण्याबरोबर जोर आणि बैठका. आरंभी पाच जोर आणि पंधरा बैठका एवढीच आमची मिळकत. शेजारी आमच्याच शाळेतील दहावीचा विद्यार्थी न थांबता दोनशे बैठका मारीत असे. येथे प्रौढ मनुष्याने एक शारीरिक तत्त्व नीट ध्यानात घ्यावयास हवे. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. परंतु त्यांना हाडांशी बांधणारे कंडरे फार सावकाश मजबूत होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून दीड-दोन महिन्यांनी अंगात बळ आल्यासारखे वाटते तोच काळ सर्वांत धोक्याचा. बळ आलेले असते, पण ते पेलणाऱ्या दोऱ्या अजून जुन्याच असतात. शिवाय तरुणाचा थकवा रात्रीच्या झोपेत उतरतो, चाळिशीतल्या माणसास त्याकरिता दोन रात्री लागतात. याकरिता उस्तादांनी आम्हांस आठवड्यातून तीनच दिवस येण्यास सांगितले, आणि चौथ्या दिवशी उत्साहाने गेलो तेव्हा परत पाठविले.

याचा अर्थ वय वाढले की बळ येतच नाही, असा मात्र नव्हे. बॉस्टन येथे झालेले एक संशोधन १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यात नव्वदीच्या घरातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम देण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरीने दुपटीहूनही अधिक झाली. नव्वदाव्या वर्षी हे होते, तर बेचाळीस हे वय काय मोठे!

आता पडण्याविषयी. मातीवर पडणे मऊ असते, पण पडावे कसे ते तेथे कोणी शब्दांनी शिकवीत नाही. लहानपणापासून हजारदा पडून मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. आमच्यापाशी ती हजार पडणी नव्हती. तेव्हा उस्तादांनी आम्हांस गादीवर, ज्यूदो शिकणाऱ्या मुलांच्या हवाली केले. ज्यूदो ही जपानी विद्या आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, तोक्योतील एका मंदिरात बारा चटयांच्या जागेत तिची शाळा काढली. कानो स्वतः लहानपणी किरकोळ अंगाचे होते. १९२९ साली रवींद्रनाथांनी ताकागाकी नावाच्या जपानी शिक्षकास शांतिनिकेतनात आणविले, तेव्हापासून या विद्येची आपल्या देशासही बरीच ओळख झाली. तिची एक पद्धत आम्हांस फार आवडते, ती अशी की, दुसऱ्यास कसे पाडावे हे शिकविण्यापूर्वी स्वतः कसे पडावे हे शिकवितात.

आमचे शिक्षक होते वर सांगितलेले दहावीतील चिरंजीव. वर्गात त्यांची वही आम्ही लाल शाईने रंगवीत असू. येथे ते म्हणत, "सर, हनुवटी छातीला लावा. सर, हात मागे टेकू नका. सर, पुन्हा." मागे पडण्याची रीत अशी : प्रथम उकिडवे बसावे, म्हणजे उंची कमी होते. पाठीची कमान करावी, हनुवटी छातीस लावून दृष्टी कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी, म्हणजे डोके जमिनीवर आपटत नाही. मग पाळण्याच्या बुडासारखे मागे लोळावे, आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात सरळ, अंगापासून थोडे दूर, तळव्यांसह गादीवर जोराने आपटावेत. कोपर आणि मनगट यांवर कधीही रेलू नये. पुढे पडताना एका खांद्यावरून तिरके लोळत विरुद्ध बाजूच्या कमरेवर यावे, म्हणजे कण्याची हाडे ओळीने जमिनीस लागत नाहीत.

यामागे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातीलच नियम आहे. पडणाऱ्या देहाचा वेग शून्यावर यावयाचाच असतो. तो किती काळात येतो, यावर सर्व अवलंबून आहे. थांबण्याचा काळ दुप्पट केला तर शरीरावरील सरासरी बल निम्मे होते. लोळल्याने हा काळ वाढतो. आणि जे बल उरते ते तळहाताएवढ्या जागेवर न येता पाठ, खांदा व दोन्ही बाहू यांवर पसरते. क्रिकेटचा झेल घेताना तुम्ही हात मागे नेता, तेही याचसाठी. फरक इतकाच की, येथे चेंडू आपणच असतो.

नियम समजण्यास आम्हांस एक मिनिट लागले. हात मागे न टेकण्यास सात आठवडे लागले. प्रत्येक वेळी तोल गेला की तो मोडलेला उजवा हात आपसूक जमीन शोधावयास निघे. प्रौढ नवख्याची खरी अडचण येथेच आहे. मूल जेव्हा काही शिकते तेव्हा कोऱ्या पाटीवर लिहिते. आम्हांस आधी चाळीस वर्षांचे लिहिलेले पुसावे लागते. आमच्या बाजूने एकच गोष्ट होती, ती ही की, कारण समजल्याशिवाय आम्ही पुढे जात नव्हतो, आणि एकदा समजलेले विसरत नव्हतो. मुले भराभर शिकत आणि सुट्टीत सारे विसरून येत!

लाज मात्र पुष्कळ वाटे. ज्यांच्यापुढे रोज खुर्चीवर बसावयाचे त्यांच्यापुढे संध्याकाळी लंगोट लावून उताणे पडावयाचे, हे सोपे नाही. या लाजेवर औषध म्हणून आम्ही चरित्रे चाळू लागलो. लोकमान्य टिळक १८७३ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृतीने कृश होते. त्यांनी पहिले सबंध वर्ष व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांत घालविले आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. (हे उदाहरण विद्यार्थ्यांनी प्रगतिपुस्तकावर सही घेताना वडिलांस देऊ नये.) परंतु टिळक तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. आमच्या वयाला जवळची उदाहरणे अमरावतीस सापडली. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. मंडळाच्या उन्हाळी वर्गांना निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक येत आणि लाठी, मल्लखांब, कुस्ती यांचे धडे घेऊन आपापल्या शाळांत परतत. म्हणजे संसारी, पोक्त मास्तरांनी लंगोट लावणे ही काही आमची नवलाई नव्हे! कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचीही गोष्ट मनात राहिली. मातीतले हे नामांकित मल्ल १९४८ साली बाविसाव्या वर्षी लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना अपरिचित होते. तेथे ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी त्या नव्या रीतीचा अभ्यास केला आणि १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इतके वाचूनही व्हावयाचे ते झालेच. दुसरा महिना संपत आला होता, दंड किंचित भरले होते, आणि आरशापुढे आमचा वेळ जरा अधिक जाऊ लागला होता. उस्ताद त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. परीक्षेची तयारी करणारा एक बावीस-तेवीस वर्षांचा हडकुळा तरुण म्हणाला, "सर, एक पकड होऊन जाऊ दे." त्यास नाही म्हणण्यास काहीच हरकत नव्हती. कुस्ती धरावयाची नाही, अशी आज्ञाही होती. पण भोवती आमच्या शाळेची चार मुले उभी होती. आम्ही हात मिळविला. त्याने वाकून पट काढला. तेव्हा पडावयास हवे होते. पडणे आम्हांस आता येत होते. परंतु चार मुलांपुढे पहिल्याच झटक्यास पडणे नको म्हणून आम्ही उजवा हात मातीत रोवून ताठ राहिलो. खांद्यात काहीतरी सटकल्यासारखे झाले. सहा आठवडे हात झोळीत. फळ्यावर डाव्या हाताने लिहावे लागले, आणि ते अक्षर पाहून पाचवीचा वर्ग फार आनंदित झाला.

तो तरुण दोन दिवस आमच्या घरी येऊन बसत असे. त्यास वाटे की चूक त्याची. त्यास आम्ही समजावून सांगितले, तरी त्याचे समाधान झाले असे दिसले नाही. उस्तादांस तोंड दाखविण्यास आम्ही दीड महिन्याने गेलो. त्यांनी खांदा फिरवून पाहिला, रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "कल से फिर फावड़ा."

इंदूरच्या मातीस प्रौढ शिष्यांचे वावडे नाही, हे सिनेमा पाहणाऱ्या वाचकांस ठाऊक असेल. २०१६ साली आलेल्या 'दंगल' या चित्रपटातील नटनट्यांस कुस्ती शिकविली ती इंदूरचे आंतरराष्ट्रीय मल्ल आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी कृपाशंकर बिश्नोई यांनी. त्यांच्या शिष्यांत पन्नाशीतले आमिर खान होते, आणि विशी ओलांडलेल्या, पूर्वी कधी कुस्ती न खेळलेल्या फातिमा सना शेख व सान्या मल्होत्रा याही होत्या. त्यांचा कित्येक महिन्यांचा सराव कॅमेऱ्यासाठी होता हे खरे, पण पाठ आपटावयाची ती त्यांचीच. स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली आणि २०१६ साली साक्षी मलिक यांनी तीत भारतास पहिले पदक मिळवून दिले. जुन्या मातीच्या आखाड्यांत मात्र स्त्रियांस बहुधा प्रवेश नसे, आणि आमच्या तालमीतही मातीच्या बाजूस तो अद्याप नाही. हे आम्हांस योग्य वाटत नाही, आणि आम्ही उस्तादांस तसे बोललोही आहोत. गादीच्या बाजूस मुली येतात. आमच्या सौभाग्यवती गेल्या वर्षापासून सायंकाळच्या कराटेच्या वर्गास जातात आणि स्वयंपाकघरात अचानक पवित्रा घेऊन आम्हांस दचकवितात.

ज्या पालकांस हे वाचून इच्छा झाली असेल त्यांनी आरंभी डॉक्टरांस भेटावे. रक्तदाब, हृदय आणि गुडघे यांची चौकशी करून घ्यावी. मग कोणती विद्या निवडावी? कुस्ती आणि ज्यूदो यांत अंगलट फार, म्हणून सांध्यांवर ताण अधिक. पण पडण्याची विद्या तेथेच मिळते. कराटेत एकट्याने करावयाचे पवित्रे पुष्कळ असतात, त्यामुळे ज्यास अंगाला अंग भिडविण्याचा संकोच आहे त्याने तेथून आरंभ करावा. लाठीस जागा मोकळी लागते, खर्च मात्र जवळजवळ नाही. आमचे मत विचाराल तर विद्येपेक्षा शिक्षक पाहावा. एक दिवस नुसते बसून पाहावे. नवख्यास पहिल्याच आठवड्यात कुस्तीस किंवा लढतीस उभे करतात काय? कोणी दुखावले तर शिक्षक थांबवितो की हसतो? मोठी मुले लहानांशी कशी वागतात? यावरून सर्व कळते. नखे कापलेली असावीत, अंगठी व साखळी घरी ठेवावी. पैलवानांचे कान फुगलेले दिसतात, ते शोभेचे म्हणून तरुणांस हवेसे वाटतात. वास्तविक घर्षणाने कानाच्या कुर्चेवर रक्त साकळून ते तसे होतात. कान दुखून सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आम्ही अजून कोणास पाडलेले नाही. खरे सांगावयाचे तर एकदा त्या दहावीतल्या मुलास, आता तो बारावीस आहे, ढाक लावून खाली आणले; पण त्याच्या मुद्रेवरून तो गुरुदक्षिणा देत होता असे वाटले, म्हणून ते जमेस धरीत नाही. बैठका आता साठ होतात.

गेल्या पावसाळ्यात घराच्या जिन्यावर, शेवाळलेल्या पायरीवर, आमचा पाय सटकला. हातात दुधाची किटली होती. किटली कोठे गेली ते कळले नाही. आम्ही मात्र हनुवटी छातीस लावून खालच्या फरशीवर पाठीने लोळलो आणि दोन्ही हात फरशीवर आपटले. तळवे दिवसभर चुरचुरत होते. आवाज ऐकून सौभाग्यवती धावत आल्या. आम्ही उताणेच पडून होतो आणि उजवे मनगट फिरवून फिरवून पाहत होतो. त्यांनी प्रथम आमच्याकडे, मग जिनाभर सांडलेल्या दुधाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पडणं जमलं. आता उठा, आणि दूध घेऊन या."